कोरणाऱ्याचं नाव

संग्रहालयात काचेखाली एक जुनं जपानी पुस्तक उघडं ठेवलं होतं, लाकडी ठशांनी छापलेलं. त्यात नाटकवाले, चहाच्या दुकानातल्या बायका, बाजारातली गर्दी. शहरातली साधी माणसं अशी पुस्तकं हौसेनं घ्यायची म्हणे. माझे आप्पा साड्यांच्या छपाईचे ठसे कोरायचे. ते काचेला नाक लावून एका बाईच्या केसांकडेच बघत राहिले.

"एवढा बारीक केस सागात निघत नाही बघ. हात आहे गड्याचा!"

शेजारच्या पाटीवर लिहिलं होतं की शेवटच्या पानावर चित्रकार आणि प्रकाशकाबरोबर कोरणाऱ्याचंही नाव छापलं आहे. मी ते आप्पांना वाचून दाखवलं आणि माझ्याच पोटात दुखलं. आप्पांनी ठशांत कोरलेल्या वेली कितीतरी बायकांच्या पदरावर नांदल्या, पण नाव झालं साड्यांच्या दुकानाचं. त्या जपानी माणसाच्या लेकीला बापाचं नाव बोट ठेवून दाखवता आलं असेल. मी कुठं बोट ठेवू?

"तुझ्या पदवीवर आहे की माझं नाव," आप्पा हसले. "तुझ्या नावाला लागूनच."

आहे खरं. घरातली पहिली पदवी ती, आणि मला तिचा गर्व आहे. पण तिथं ते बाप म्हणून छापलंय. मला ते वेलीखाली हवं होतं.