खाडीकाठची उघाडी

आमच्या गावात अलीकडे कोकणात जायचं खूळ आलंय. ऊस तुटून गेला की कुणीतरी गाडी काढतं आणि निघायच्या आधी मला विचारतं, "तुमी गेल्ता ना? काय काय बघायचं, सांगा."

मी सांगतो. ताम्हिणी घाट उतरा, माणगाव, म्हसळा करत दिवेआगरला मुक्काम करा. दुसऱ्या दिवशी शेखाडीवरून श्रीवर्धनला जा. रस्ता समुद्राला चिकटून जातो, घाई करू नका. हरिहरेश्वरला ओहोटीची वेळ विचारूनच देवळामागच्या खडकांवर उतरा. बागमांडल्याला गाडीसकट बोटीत चढा आणि पलीकडं केळशीला जा. वाटेत कुठंही खायला मिळतं, भाकरी बांधून नेऊ नका.

एवढं सांगून मी थांबतो. एक जागा मी कुणाला सांगत नाही. तिथं बघण्यासारखं काही नाहीच; एक मातीचा बांध आहे आणि त्याला एक लाकडी झडप. पण आमच्या चार माणसांच्या त्या सहलीतली मला आठवते ती जागा तीच. ती सांगायची तर आधी आमचं रान सांगावं लागेल.

आमचं गाव देवळाली प्रवरापासून जवळ, कालव्याखालचं. आम्ही दोघे भाऊ. धाकटा माझ्याहून सहा वर्षांनी लहान. वडील, आमचे आबा, गेल्यावर वाटणी झाली, तेव्हा ओढ्याकडेचा तुकडा मला आला आणि त्याच्या वरचा खोलगट तुकडा धाकट्याला. खोलगट रानात पाणी साचून जमीन खारवते, म्हणून वडिलांनी त्याच्या पोटातून एक चर काढून ठेवला होता. कमरेइतकं खणायचं, दगडगोटे भरायचे, वर माती ओढायची. वरून काही दिसत नाही. त्या चराचं तोंड माझ्या तुकड्याच्या कडेला, ओढ्याच्या काठावर, एका बाभळीखाली उघडत होतं. वडिलांनी मला तिथं उभं करून सांगितलं होतं, "हे तोंड कधी बुजू देऊ नको." मी दहा वर्षांचा असेन. धाकटा चार वर्षांचा, त्याला कशाची आठवण असणार? पुढं त्याला दाखवायचं काम माझं होतं. ते राहून गेलं.

वाटणीनंतरच्या तिसऱ्या हंगामात उसाचा ट्रक माझ्या रानापर्यंत यावा म्हणून मी ओढ्याच्या काठानं मुरूम टाकून रस्ता केला. बाभूळ तोडली. तोंड मुरुमाखाली गेलं. हंगाम संपला की उकरून तिथं पाइप टाकू, असं मी ठरवलं होतं. मी शेतकीची पदविका घेतलेला माणूस. त्या तोंडाचं काम काय, हे मला वडिलांपेक्षा जास्त कळत होतं. हंगाम संपला. पुढचाही संपला.

मग धाकट्याच्या रानात पांढरं दिसायला लागलं. आधी ताटलीएवढे डाग, मग वाफेच्या वाफे. ऊस गुडघ्याएवढा होऊन पिवळा पडायचा. त्यानं जिप्सम टाकलं, ताग गाडला, काही उपयोग झाला नाही. पारावर लोक म्हणायचे, याचा हात पाण्याला सैल, पाजून पाजून रान मारलं. तो माझ्याकडं आला. "दादा, तू शिकलेला हायेस. माझं काय चुकतंय?"

मी म्हणालो, "पाणी कमी देत जा."

हे माझं वाक्य. पाइप टाकायचा राहिला, ती आळशीपणाची गोष्ट झाली. पण हे वाक्य मी त्याच्या तोंडाकडं बघून बोललो.

चार वर्षांनी त्यानं शेती सोडली आणि सुप्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात मशीनवर लागला. तिथंच खोली घेतली. त्याचे सासरे एकदा भरल्या घरात म्हणाले, "जावयाला पाण्याचं माप कळलं न्हाई." तो हसला. मी तिथंच बसलो होतो, सुपारी कातरत.

गेल्या वर्षी त्याचा फोन आला. रान विकायचं ठरवलंय आणि विकायचं तर तुलाच. "दुसऱ्याला देऊन बांधाला बांध भांडण कशाला? कागद करायच्या आधी एकदा दोघं भाऊ, बायका घेऊन समुद्र बघून येऊ. मी अजून बघितला न्हाई." मी हो म्हणालो. दोन्ही गोष्टींना.

फेब्रुवारीत निघालो. सुप्याला धाकटा आणि त्याची बायको गाडीत बसली. माझ्या बायकोनं वीस लिटरचा पाण्याचा जार घेतला होता, तो बघून धाकटा म्हणाला, "वहिनी, दुष्काळी कामाला चाललोय का आपण?"

"हसा, हसा भाऊजी. तिकडं सगळं खारं. उद्या तुमीच मागाल."

दिवेआगरला आम्ही सुपारीच्या वाडीतल्या एका घरी उतरलो. विहिरीचं पाणी शहाळ्यासारखं गोड. धाकट्यानं दोन तांबे रिचवले आणि जारकडं बोट केलं. "हा असाच परत न्या. तुमच्या उसाला घाला." त्याच्या बायकोनं पदर तोंडाला लावला. माझी बायको पुढं तासभर त्याच्याशी बोलली नाही.

संध्याकाळी सुरूच्या झाडांतून पुळणीवर गेलो. तो पाण्यात घोट्यापर्यंत जाऊन बराच वेळ उभा राहिला. मला वाटलं, काहीतरी मोठं बोलेल. तो म्हणाला, "दादा, एवढं पाणी, आन् उसाला एक पाळी देता येत न्हाई."

येताना त्यानं वाडीतले पाट वाकून बघितले. कुठल्या झाडाला कसं पाणी फिरवलंय, उतार किती दिलाय. नोकरीला इतकी वर्षं झाली, तरी त्याची नजर पाण्याच्या उताराकडंच जायची. मी पुढं चालत राहिलो.

दुसऱ्या दिवशी शेखाडीचा रस्ता. उजवीकडं समुद्र, डावीकडं डोंगर, मध्ये मावेल एवढीच सडक. धाकटा माझ्या शेजारी बसून खिडकीबाहेर हात काढून होता. श्रीवर्धनला जेवलो आणि हरिहरेश्वरकडं निघालो. वाटेत खाडीच्या कडेला मोकळं रान दिसलं. भात निघून गेलेलं, भेगाळलेलं, आणि जागोजाग पांढरं.

"थांब, थांब. गाडी थांबव," तो म्हणाला.

आमच्याकडं नवं रान दिसलं की माणूस माती चिमटीत घेऊन जिभेवर ठेवतो. त्यानं तेच केलं. थुंकला. मग दुसरी चिमूट मला दिली. "बघ. आपल्यासारखीच."

त्याच्या रानाला तो 'आपलं' म्हणाला. मी माती जिभेला लावली. तीच चव.

बांधावर एक म्हातारे काका जाळं दुरुस्त करत बसले होते. त्यांनी विचारलं, "घाटावरचे का? समुद्र सोडून चिखल बघायला आलात?"

"काका, या खाऱ्यात भात येतं?"

"येतं की. आमच्या आजानंपण काढलं."

"कसं काय?"

काकांनी आम्हाला बांधाच्या टोकाला नेलं. तिथं एक लाकडी झडप बांधात बसवली होती. "ही उघाडी," ते म्हणाले. भरती आली की खाडीचं पाणी झडपेला रेटतं आणि ती आपोआप मिटते, खारं पाणी आत येत नाही. ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या दाबानं ती उघडते आणि शेतातलं पाणी मीठ घेऊन बाहेर जातं. पावसाळ्यात असं धुऊन धुऊन जमीन गोडी होते. झडपेत गाळ अडकू नये म्हणून दर घरातला एक माणूस पाळीनं साफ करायला येतो. ज्याची पाळी चुकली, त्याच्या घरचं कुणी पाणी पीत नाही चार दिवस.

"एवढं कडक?" माझ्या बायकोनं विचारलं.

"बाई, एकानं तुंबवली तर सगळ्यांचं मीठ होतं."

तेव्हा ओहोटी होती. झडपेखालून गढूळ पाणी एका धारेनं खाडीत पडत होतं. धाकटा उकिडवा बसून ते बघत राहिला. मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "आपल्या रानातल्या पाण्याला जायला वाटच नव्हती. मी उगा जिप्सम टाकत बसलो."

मी म्हणालो, "चला, उशीर होतोय." ऊन चांगलं डोक्यावर होतं.

हरिहरेश्वरला रात्री मला झोप लागली, हे मुद्दाम सांगतो. अपराधी माणसाला झोप लागत नाही असं लोक समजतात; मला इतकी वर्षं लागत होती. सकाळी चौघांनी खडकांवरून प्रदक्षिणा केली. लाटांनी खडक मधाच्या पोळ्यासारखे कोरलेत. जावा एकमेकींचा हात धरून चालत होत्या. परत गेलो की आठवड्यात कागद होणार होते. त्याचं नाव त्या रानावरून जाणार होतं आणि पाण्याचं माप न कळलेला माणूस, हे नाव त्याच्यापाशी कायम राहणार होतं. रान माझं झाल्यावर मी गुपचूप तोंड मोकळं केलं असतं, चार वर्षांत ऊसही आला असता. लोकांनी मला शाबासकी दिली असती. हे सगळं मी त्या खडकांवर चालताना शांतपणे पाहिलं आणि मला माझीच किळस आली.

बागमांडल्याला गाडी बोटीवर चढवली. बायका कठड्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या. आम्ही दोघे गाडीतच बसलो. इंजिन बंद, हात उगाच स्टिअरिंगवर. बोट सुटल्यावर मी म्हणालो, "तुझ्या रानाखाली चर हाय."

"कसला चर?"

"आबांनी काढलेला. दगडांचा. त्याचं तोंड ओढ्याच्या काठाला होतं. मी रस्ता केला तेव्हा बुजलं."

"बुजलं?"

"बुजवलं. मला माहीत होतं."

तो समोर बघत होता. पुढच्या गाडीच्या काचेवर कुणाच्या तरी पोराचं नाव चिकटवलं होतं.

"कुठंशी?" त्यानं विचारलं.

"बाभळीखाली."

"बाभूळ तर तू तोडली."

"म्हणूनच तोडली. रस्त्याला आड येत होती."

"आन् मी विचाराया आलो तवा?"

"तेव्हाही माहीत होतं."

बोट धक्क्याला लागली. फळी पडली. मागच्या गाडीनं हॉर्न दिला, मला किल्ली फिरवायचं सुचेना. तो म्हणाला, "चल. मागच्यांचा खोळंबा होतोय."

केळशीच्या किनाऱ्यावर तो एकटाच चालत गेला, इतका लांब की ठिपक्याएवढा दिसायला लागला. त्याच्या बायकोनं मला विचारलं, "दादा, काय झालं? भांडला का?" मी तिलाही सांगितलं. वाळूत उभ्यानं. तिनं शिंपल्या गोळा केलेली पिशवी खाली ठेवली. म्हणाली, "माझ्या बापानं ह्यांना काय काय ऐकवलं." एवढंच. पिशवी तिथंच राहिली. माझ्या बायकोनं नंतर उचलून आणली.

परतीला तो मागं बसला. मंडणगड गेलं, महाड गेलं. ताम्हिणीच्या चढाला गाडी दुसऱ्यात टाकली, तेव्हा मागून आवाज आला. "कागद करायचे न्हाईत."

"बरं."

"तोंड उघडायचं. तू उघडायचं. जेसीबी न्हाई. फावड्यानं."

"बरं."

"आन् पारावर सांगायचं. मी नसताना सांगू नको. मी आल्यावर."

सांगितलं. त्याच्या पुढच्या सुट्टीला, चारचौघांत. काहीजण हसले, एक म्हातारा उठून गेला. त्याच्या सासऱ्यांना निरोप मीच दिला. रस्ता उकरायला मला नऊ दिवस लागले. हाताला फोड आले ते सांगत नाही, वय झालं म्हणून आले. दहाव्या दिवशी दगड लागले आणि त्यांच्यामधून काळं, वास मारणारं पाणी ओढ्यात पाझरायला लागलं.

तेव्हापासून धाकटा दर सुट्टीला सुप्याहून मोटारसायकलवर येतो. आधी ओढ्यावर जातो. पाण्यात बोट बुडवून जिभेला लावतो, थुंकतो. मग रानात एक फेरी मारतो. घराकडं कधी वळतो, कधी तिकडूनच जातो. मी ओट्यावरून विचारतो, "चहा?"

गेल्या खेपेला गाडी चालू ठेवूनच म्हणाला, "खारटपणा जरा कमी हाय. लई न्हाई, जरासा." मग गाडी बंद केली आणि आत येऊन बसला. त्याच जारमधलं पाणी प्यायला. वहिनीला म्हणाला, "कोकणातलं गोड होतं."