तीन नंबरची आई

कॅरिबियनमधल्या त्या बेटावर मी अजून पाऊल ठेवलेलं नाही. पण तिथल्या एका गल्लीत कोणाची शेळी सुटलीय, पाणी कधी जाणार आहे, कोणाच्या कुत्र्याने कोणाची चप्पल पळवली, हे सगळं मला दुबईत बसून कळतं. लेक तिथे डॉक्टरकी शिकायला गेली, तेव्हा तिच्या घरमालकीणबाईंनी मला गल्लीच्या ग्रुपमध्ये घातलं. अडीअडचणीला असू दे, म्हणाल्या. दोन वर्षं मी त्यात एक अक्षर लिहिलं नाही. नुसतं वाचायची.

त्या गल्लीत माणसं एकमेकांना घराच्या नंबरानेच हाक मारतात. लेक तीन नंबरच्या वरच्या मजल्यावर राहायची, अजून एका मुलीबरोबर. समोर आठ नंबर. आठ नंबरचे गृहस्थ रिटायर झालेले, आणि रिटायर झाल्यावर त्यांना एकच उद्योग उरलेला, माझ्या लेकीच्या तक्रारी. मुली गॅलरीत फार हसतात. मुली गाणी मोठ्याने लावतात. मुली कचरा चुकीच्या दिवशी ठेवतात. मी वाचायची आणि इकडे भाजी ढवळताना धुसफुसायची. खवीस म्हणायची मी त्यांना. नवरा म्हणायचा, "अगं, कशाला मनाला लावून घेतेस?" त्याला काय जातंय. तो रुवैसच्या रिफायनरीत, वीकेंडला घरी येणार, दोन दिवस झोपणार आणि परत जाणार.

माझी नोकरी जबल अलीत, एका शिपिंग कंपनीत. जहाजांना हवामानाचे इशारे पाठवायचे, हे माझं रोजचं काम. वादळ म्हणजे माझ्या स्क्रीनवरचा एक ठिपका. ठिपका सरकला की जहाजाला कळवायचं, बाबा रे, वळसा घालून जा. त्या आठवड्यात ठिपक्याच्या वाटेत माझी पोरगी होती. बेटाला काय सांगणार वळसा घाल म्हणून?

ग्रुपमध्येही सगळे त्या ठिपक्यामागेच लागले होते. कोणी टाक्या भरल्या, कोणी होडी ओढून वर आणली, कोणी खिडक्यांना फळ्या ठोकल्याचे फोटो टाकले. आठ नंबरकडे हवेचा दाब मोजायचं जुनं यंत्र होतं. ते सकाळ-संध्याकाळ आकडा टाकायचे आणि खाली एखादी सूचना, "कुंड्या आत घ्या. सांगावं लागतं का?" मी तो आकडा आमच्या चार्टशी ताडून बघायची. जुळायचा. त्याचाही मला राग यायचा.

आदल्या दिवसापर्यंत वादळ बेटाच्या उत्तरेकडून निघून जाणार, असाच अंदाज होता. लेक म्हणाली, "मम्मा, रिलॅक्स. वी आर ओन्ली गेटिंग द एज." इथे जन्मलेली पोर. तिच्या लेखी पाऊस म्हणजे शाळेला सुट्टी. दुसऱ्या दिवशी, आमच्याकडे दुपार आणि तिथे पहाट असताना, ठिपका खाली वळला. मी मेसेज केला, घराबाहेर पडू नकोस. तिने अंगठा पाठवला. मग वारा सुरू झाला आणि मेसेज यायचे थांबले.

संध्याकाळी मी कंपनीच्या बसमध्ये बसले. शेजारी माझी वसईची मैत्रीण होती, आमच्याच ऑफिसात अकाउंट्सला. बस हायवेला लागते न लागते तोच फोन वाजला. लेकीचा मेसेज. "मम्मा, इट्स ओव्हर. सन इज आउट. आम्ही दोघी जेट्टीवर होड्या बघायला जातोय."

जीव भांड्यात पडला माझा. मैत्रिणीला म्हटलं, सुटलो गं बाई. आणि सवयीने चार्ट उघडला.

ठिपका बेटावर होता. आजूबाजूला नाही, बरोब्बर वर.

मोठ्या वादळाच्या पोटात एक शांत जागा असते. तिथे वारा पडतो, ऊनसुद्धा येतं. ती जागा पुढे सरकली की उरलेलं अर्धं वादळ येतं, उलट्या बाजूने, आणि समुद्र आत येतो. लेकीला वाटत होतं कड निघून गेली. अर्धं अजून यायचं होतं, आणि ती निघाली होती होड्या बघायला.

मेसेजच्या अॅपवरून इथे कॉल लागत नाहीत, म्हणून साधा फोन लावला. लागेना. मेसेज केला, परत फिर, वादळ संपलेलं नाही. एक टिक. अजून एक केला. एक टिक. नवऱ्याला लावला, पण तो प्लांटमध्ये, आणि प्लांटमध्ये फोन न्यायला बंदी, फोन गेटवरच्या लॉकरमध्ये. बस ट्रॅफिकमध्ये अडकलेली. मैत्रिणीने पर्समधून जपमाळ काढली आणि पुटपुटायला लागली. मला तिचाही राग आला. नवऱ्याचा, बसचा, त्या उन्हाचा, सगळ्यांचा राग आला. शेवटी मी ग्रुप उघडला. "मी तीन नंबरच्या मुलीची आई. वादळाचा मध्य तुमच्यावर आहे. माझी मुलगी जेट्टीवर गेली आहे. कोणीतरी तिला आत घ्या. प्लीज."

मी स्क्रीनवरून डोळे हलवले नाहीत. मग आठ नंबर उमटला. "जेट्टीवर? आत्ता?"

"हो."

बस थोडी सरकली, पुन्हा थांबली. मैत्रिणीने माझा हात धरला होता आणि मी तो सोडवून घेतला नाही. मी आयुष्यात जेवढे देव ऐकलेत तेवढ्यांची नावं घेतली, तिच्या मारियेचंसुद्धा. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. मग एक मेसेज आला.

"सापडल्या. आमच्या बाथरूममध्ये आहेत. बायको, कुत्रा आणि या दोघी." आणि लगेच खाली, "वारा आला."

त्यानंतर ग्रुप बंद पडला. सगळ्यांचाच. मी काहीही पाठवलं की एक टिक. नवरा रुवैसहून गाडी हाणत आला. आम्ही दोघं सोफ्यावर बसून राहिलो, एकमेकांशी न बोलता. बोललो असतो तर भांडलो असतो. दुसरा दिवस तसाच गेला. संध्याकाळी एका परक्या नंबरवरून फोन आला. लेक होती. कॉलेजने कुठूनतरी फोनची सोय केली होती आणि पोरं रांगेत उभी होती.

मी रडून घेतलं. मग ती बोलली. जेट्टी गेली म्हणाली. त्या उभ्या होत्या ती जागाच आता नाही. आठ नंबरने लांबून हाका मारल्या, ऐकू गेल्या नाहीत म्हणून धावत आले, आणि दोघींना दंडाला धरून खेचत घरी नेलं.

"मम्मा, त्यांचं रूफ गेलं."

"कसं गं?"

पहिल्या वाऱ्याने त्यांच्या छपराचा एक पत्रा उचकटला होता. मध्ये शांत झाल्यावर तो ठोकायचा, हे त्यांचं आधीच ठरलेलं. ते हातोडा घेऊन शिडीवर चढले होते, तेवढ्यात माझा मेसेज आला. शिडीवरून उतरून ते जेट्टीकडे धावले. परत आले तेव्हा पत्रा ठोकायला वेळ उरला नव्हता. बाथरूमवर तेवढा स्लॅब होता, म्हणून सगळे वाचले. बाकीचं घर उघडं पडलं. ही हकीकत त्यांच्या बायकोने लेकीला सांगितली.

मी काय लिहू त्यांना? चार वेळा लिहिलं आणि चार वेळा पुसलं. आभार हा शब्द किती किरकोळ आहे, ते तेव्हा कळलं. शेवटी नुसतं "थँक यू, सर" लिहिलं. तिथे नेटवर्क आल्यावर त्यांनी अंगठा पाठवला.

तीन नंबरचं घर पक्कं, त्याला काही झालं नव्हतं. घरमालकीणबाईंनी खालची खोली रिकामी करून दिली आणि आठ नंबर बायको-कुत्र्यासकट तिथे राहायला आले. म्हणजे माझ्या लेकीच्या बरोब्बर खाली. काही आठवड्यांनी वीज आली, आणि मग ग्रुपमध्ये त्यांची पहिली तक्रार. "वरच्या मुली पहाटे घरात बूट घालून चालतात. माणसांनी झोपायचं की नाही?"

मी ऑफिसात होते. हसता हसता मला इतकं रडू आलं की वसईची मैत्रीण उठून आली. मी लेकीला फोन लावला आणि म्हटलं, "हे बघ, आजपासून घरात बूट, चपला, काही काही घालायचं नाही."

"ऑलरेडी बेअरफूट, मम्मा," ती म्हणाली. आणि तेही हळू आवाजात, खाली ऐकू जाऊ नये म्हणून.