राणीछाप रुपयावरचं कुंकू

भिंगाखाली राणीच्या मुकुटाच्या खाचेत लाल रंग दिसला. जुन्या नाण्यांच्या व्यापाऱ्याने तो टाचणीच्या टोकाने दाखवला, न टोचता.

"काळेपणा राहू द्या, साहेब. तो वयाचा आहे. हे लाल मात्र काढून घेऊ. मग तपासणीला पाठवलं की ग्रेड, म्हणजे दर्जा, चांगली मिळेल, नाणं प्लास्टिकच्या डबीत सीलबंद होऊन येईल."

ते लाल म्हणजे कुंकू. दर लक्ष्मीपूजनाला आई चांदीच्या या रुपयाला बोटाने कुंकू लावायची. ती गेली आणि रुपया माझ्याकडे आला.

घरी बहिणीला विचारलं.

"डबीत बंद केल्यावर कुंकू कशाला लावायचं, प्लास्टिकला?" ती म्हणाली. "आणि आईने लावलेलं पुसायला तू पैसे देणार? शहाणाच आहेस, दादा."

जुनी वस्तू जतन करताना तिच्यावरचं काय पुसायचं, हे आधी ठरवावं लागतं. व्यापाऱ्याला जो मळ वाटला, त्याच्यामुळेच तो रुपया आमच्या घरचा होता. मी तो साफ करायला दिला नाही.

दिवाळीत रुपया चौरंगावर ठेवला. बहिणीने कुंकवाची कोयरी पुढे केली. माझं बोट राणीच्या मुकुटाकडे गेलं आणि किनारीकडे वळलं, जिथून कुंकू सहज पुसता येईल. बहिणीने ते पाहिलं. तिने आपलं बोट कुंकवात बुडवलं आणि मुकुटावर, आईच्या जागी, दाबून टेकवलं.

मी हात जोडले होते. नजर मात्र खाच किती भरली, ते पाहत होती.