आग्रहाला न बधलेला साप

माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवणारे पुष्कळ आहेत, पण माझ्या घरातून उपाशी गेलेला एकही नाही. पाहुण्यानं ताटावर हात आडवा धरला की मी बोटांच्या फटीतून वाढते. डाएटवर असलेल्यांना वाढते, पोट बिघडलेल्यांना वाढते. एकदा आमचा नळ दुरुस्त करायला आलेला गोरा माणूस साबुदाण्याची खिचडी खाऊन, पाना इथेच विसरून गेला होता. अशा माझ्या घरात ऐंशीच्या दशकात एक साप राहायला आला आणि त्यानं जेवायला साफ नकार दिला.

साप मुलीचा. आम्ही त्याच उन्हाळ्यात न्यू जर्सी सोडून शिकागोजवळच्या नेपरव्हिलला आलो होतो. मुलगी सहावीत. शाळा सुरू होऊन पानं गळायला लागली तरी तिच्यासाठी एक फोन येईना. तिच्या सायन्सच्या टीचरकडे दोन कॉर्न स्नेक होते, त्यातला एक त्यांनी तिला देऊ केला. हे वर्तमानपत्रामागून ‘ओके’ म्हणाले. हत्ती आणू का म्हणून विचारलं असतं तरी हे ओकेच म्हणाले असते.

कमरेच्या पट्ट्याएवढा लांब, केशरी अंगावर विटकरी ठिपके. विष नाही, फणा नाही, फूत्कार नाही. साप म्हणून जन्माला येऊन ह्यानं केलं काय, तर काचेच्या पेटीत लाकडाच्या सालीखाली पडून राहायचं. इतका निरुद्योगी प्राणी मी आमच्या मराठी मंडळाच्या कार्यकारिणीतही पाहिला नव्हता.

पण तो आला आणि गल्लीतल्या दोन मुली शाळा सुटल्यावर आमच्याकडे यायला लागल्या. मुलीच्या खोलीत काचेला नाक लावून ‘कूल, कूल’ करायच्या आणि जाताना माझा चिवडा मूठमूठभर न्यायच्या. तेवढ्यासाठी मी फ्रीजरमध्ये खवलेल्या नारळाशेजारी त्याच्या गोठवलेल्या उंदरांचं पुडकं सहन केलं. फुलके भाजायचा माझा चांगला चिमटासुद्धा त्याला दिला. उंदीर कोमट पाण्यात ठेवून मऊ करायचा, चिमट्यात धरून समोर न्यायचा, आणि साहेब गिळायचे.

थंडी पडली तशा माझ्या नणंदबाई कोल्हापूरहून आल्या. वन्संना खोली हवी म्हणून मी मुलीची दिली. तिला विचारण्याचा प्रश्नच नव्हता. पाहुण्यांना खोली देताना पोरांना विचारतात का कुठे? मुलीची गादी आमच्या खोलीत आली आणि सापाची पेटी फॅमिली रूममध्ये, टीव्हीशेजारी. त्या आठवड्यापासून सापानं खाणं सोडलं.

वन्सं पेटीपुढे खुर्ची टाकून बसल्या. “मीठ नाही, मसाला नाही, बर्फातला उंदीर! मीसुद्धा खाल्ला नसता.”

“वन्सं, एरवी खाता का तुम्ही?”

“तू चेष्टा कर. त्याला दृष्ट लागलीय.” आणि त्यांनी मीठ-मोहऱ्या ओवाळून खरंच दृष्ट काढली. मोहऱ्या जळल्याचा वास आला म्हणून स्मोक अलार्म बोंबलायला लागला. साप सालीखाली आणखी आत गेला.

दर शनिवारी आमच्याकडे जेवायला येणारी मराठी मंडळी मठ्ठा संपला की हात पुसत पेटीपुढे जमायची. आमच्यातले एक काका प्लॅस्टिक विषयातले पीएचडी होते आणि त्यामुळे त्यांना सगळ्याच विषयांतलं कळायचं. काचेवर अंगठीनं टकटक करून ते म्हणाले, “टेम्परेचरचा इश्यू आहे. बल्ब मोठा लावा.” मोठा बल्ब लावला. पुढच्या शनिवारी पुन्हा टकटक. “कात टाकायचा असेल. डोळे निळसर दिसतायत का?” डोळे काळेच होते आणि ते काकांकडे बघत होते. त्या नजरेत जो तिरस्कार होता त्याबाबतीत माझं आणि सापाचं पहिल्यांदा एकमत झालं.

मुलगी म्हणायची, “आई, ही नीड्स टु बी लेफ्ट अलोन.”

“अलोन काय अलोन? एकटं कोणी जेवतं का?”

मी काय करत होते ते सांगायची लाज वाटते, पण सांगते. कामावरून आले की कोट न काढता मी चिमट्यात उंदीर धरून उभी राहायची. “घे रे. एकच घे. बरं, अर्धा घे.” उंदीर डावीकडून दाखवायची, उजवीकडून दाखवायची. तो जीभ बाहेर काढायचा, वास घ्यायचा आणि तोंड फिरवायचा. सासरच्या माणसांनीसुद्धा माझ्या वाढण्यापुढून असं तोंड फिरवलं नव्हतं. बेशरम! इंचभर मेंदू नसलेलं ते जनावर मला नाही म्हणत होतं.

होता होता त्याच्या पाठीचा कणा दिसायला लागला. टीचर फोनवर म्हणाल्या, काही आठवडे तो खाण्याशिवाय राहू शकतो, पण वाळत असेल तर माझ्याकडे परत आणा. मी तेवढंच उचललं. रात्री जेवताना जाहीर केलं, “रविवारपर्यंत खाल्लं नाही तर साप परत.”

मुलगी अर्धी पोळी ताटात टाकून उठली. “ताट कोण संपवणार?” मी मागून ओरडले. वन्सं म्हणाल्या, “पोरगी पण वाळलीय गं.”

ते मला दिसत नव्हतं असं नाही. म्हणून तर मी रोज तिच्यासमोर बसून घास मोजत होते. साप गेला की त्या दोन मुलीही यायच्या बंद होणार, हेही मला कळत होतं. पण माझा अपमान त्याहून मोठा होता.

शुक्रवारी ती स्वयंपाकघरात आली. ती घरात इंग्लिशच बोलायची. मराठी ठेवणीतली, तापबिप आला की बाहेर निघायची. ती मराठीत म्हणाली, “आई, तू बघतेस ना, म्हणून तो खात नाही.” आणि मग, “मी पण.”

माझ्या हातात डाव होता. तो आमटीत परत ठेवायला मला जरा वेळ लागला.

तिला पेटी तळघरात न्यायची होती, कपडे धुवायच्या खोलीत, घर तापवणाऱ्या फर्नेसजवळ. वरून टॉवेल घालायचा, उंदीर ठेवायचा आणि कोणी जायचं नाही. मी हो म्हटलं. मोठ्या मनानं नव्हे. रविवारी ‘बघ, सांगितलं नव्हतं?’ म्हणायला मिळेल म्हणून.

शनिवारी काका आलेच. “पेशंट कुठंय?”

“झोपलाय.”

“मी फक्त एकदा बघून...”

“नाही,” मी तळघराच्या दाराला पाठ लावून म्हणाले. पाहुण्याला नाही म्हणायची मला सवय नव्हती, त्यामुळे ते जरा जोरातच निघालं. काका दचकून जिलेबीकडे वळले.

रविवारी सकाळी मुलगी जिन्यावरून धावत आली. “ही एट! आई, ही एट इट!”

खाल्ला होता खरा. उंदीर नव्हता. सापाच्या पोटाशी एक फुगवटा होता आणि तो नेहमीच्याच निर्लज्जपणे पडला होता. इतके दिवस मी हातात धरून नाचवला तो उंदीर ह्याला नको, आणि डिटर्जंटच्या खोक्यामागे, अंधारात, कोणी ‘घे’ न म्हणता चालला! काकांना फोनवर कळलं तेव्हा ते म्हणाले, “मी म्हटलं नव्हतं टेम्परेचर?” फर्नेसजवळ ऊब होती हे खरं, पण ते श्रेय मी त्यांना आजतागायत दिलेलं नाही. सापाला तर नाहीच नाही.

त्या संध्याकाळी मी मुलीचं ताट वाढलं. पोळ्यांचा डबा टेबलावर ठेवला आणि उठले. “कुठे चाललीस?” ह्यांनी विचारलं. “कपडे,” म्हटलं आणि तळघरात गेले. कपडे सकाळीच झाले होते. घातलेल्या घड्या मोडून परत घालत बसले. टॉवेलखालच्या पेटीकडे पाठ करून बसले, हेही नमूद करते. वर डब्याचं झाकण वाजलं. थोड्या वेळानं पुन्हा वाजलं.

आणि लगेच वन्संचा आवाज आला, “अगं, दोनच? घे की अजून एक!”

मी हातातली चादर टाकली आणि वन्संना खाली बोलवायला जिना चढायला लागले.