फोटोच्या गाडीची तिसरी तार

क्षय शोधायला छातीचे फोटो काढणारी ती गाडी गावोगाव फिरायची आणि मी तिच्यावर वायरमन होतो. साठ सालानंतरची गोष्ट. ठाणे-बेलापूर रस्त्याला कारखान्यांची कुंपणं पडू लागली होती, पण आमच्या खाडीकडच्या गावांत वीज असली तर ती भाताच्या गिरणीतच. गाडीत मागे फोटोचं यंत्र, मधे पत्र्याचा आडोसा, पुढे झोपायची बाकडी, स्टोव्ह आणि पंखा. डॉक्टर आत झोपायचे, ड्रायव्हर आणि मी बाहेर ताडपत्रीखाली. हंगामभर ती गाडी हेच आमचं घर.

गावात पोचलं की माझं पहिलं काम गिरणीतून गाडीला वीज जोडून घेणं. त्यासाठी तीन तारांची जाड केबल होती. दोन तारांतून वीज येते-जाते. तिसरी गाडीच्या पत्र्याला जोडायची, आणि पलीकडे ती गिरणीच्या मागे जमिनीत पुरलेल्या पत्र्यापर्यंत जाते. तिला अर्थिंग म्हणतात. एरवी तिच्यातून काहीच वाहत नाही. आत कुठे उघडी तार गाडीच्या पत्र्याला लागली, तर वीज या तिसऱ्या तारेतून जमिनीत पळते, फ्यूज उडतो आणि माणूस वाचतो. हे मला परीक्षेत विचारलं होतं. मी बरोबर लिहिलं होतं.

त्या वर्षी गाडी आमच्याच गावात आली. डॉक्टरांच्या मागे लागून मीच आणवली होती, वहिनीसाठी. आई गेली तेव्हा मी नीट चालतही नव्हतो. वहिनी नवी नवरी म्हणून घरात आली आणि आल्या दिवसापासून तिने मला कडेवर घेऊन कामं केली. ती आता दिवाळीपासून खोकत होती. संध्याकाळी अंगात कणकण असायची. डॉक्टर म्हणाले होते, फोटो निघू दे, औषध आहे, वेळेवर सापडलं तर माणूस बरा होतो.

सकाळी ओहोटी होती. बायका खाडीतून कालवं काढून तशाच वर आल्या, गुडघ्यापर्यंत चिखल, लुगडी ओली. बाजार गाठायच्या आधी फोटो काढून घ्यायचा म्हणून त्यांना घाई होती. इकडे गाडीचा फ्यूज उडाला. मी नवी तार घातली. दोन माणसं आत चढली आणि फ्यूज परत उडाला. डॉक्टर आतून ओरडत होते, "अरे, एवढी मंडळी खोळंबलीत, तुझं चाललंय काय?"

मी तिसरी तार सोडवली. फ्यूज टिकला. पंखा फिरला, दिवे लागले, डॉक्टर खूश झाले. बिघाड तसाच आत होता, मी फक्त त्याची बाहेर पडायची वाट बंद केली होती, आणि हे मला ठाऊक होतं. दुपारी गर्दी ओसरली की शोधू, असं मी मनाशी म्हटलं. आधी चढलेले बापे चपला घालून, कोरड्या फळीवरून उडी मारून आत गेले. कुणाला काही झालं नाही.

बायकांची थट्टा चालली होती. "चल गं, नवऱ्यानं कदी फोटो काडला नाय, सरकार काडतंय!"

"आतलं समदं दिसतं म्हनं."

"मंग माज्या सासूला आदी चडवा. काळीज हाय का नाय त्ये तरी कलंल."

वहिनी हसत हसत पुढे आली. टोपली खाली ठेवली. तिला फळीची गरज वाटली नाही. ओल्या पायांनी जमिनीवरच उभी राहून तिने दाराचा लोखंडी दांडा धरला, आणि कुणी ढकलून द्यावं तशी मागे फेकली गेली. कालवं चहूकडे सांडली.

"आय गं! गाडी चावली मना!"

डॉक्टरांनी दारातून डोकं बाहेर काढलं. "काय झालं?"

"चक्कर आली, साहेब," मी म्हणालो. "अशक्त आहेत त्या." आणि बोलता बोलताच माझ्या हाताने मेन स्विच खाली ओढला.

वहिनीने माझ्याकडे पाहिलं. हात चोळत उठली आणि बायकांबरोबर घरी गेली. नंतर एकही बाई गाडीकडे आली नाही.

दुपारी मी बिघाड शोधला. अवघड नव्हता. केबल काढली, सगळी बटणं बंद केली, सेलवर चालणारा तपासायचा दिवा घेऊन एकेक तार वेगळी करत गेलो. पंख्याच्या तारेशी दिवा लागला. ती तार आडोशाच्या पत्र्यातून जाते तिथल्या भोकातलं रबर गळून पडलं होतं. आत माणूस चढला, गाडी हलली, की पत्र्याची कड तारेत घुसायची. मी तार बदलली, भोकात नवं रबर बसवलं, तिसऱ्या तारेसकट केबल परत जोडली आणि मेन स्विच वर केला. मग बूट काढून जमिनीवर बादलीभर पाणी ओतलं आणि चिखलात उभा राहून दांडा धरला. काही नाही. सगळं मिळून चहा उकळायला लागतो तेवढ्या वेळाचं काम होतं.

घरी गेलो. वहिनी हात मांडीवर धरून बसली होती. तिला आणि दादाला मी खरं सांगितलं, तार मीच काढली होती.

दादा म्हणाला, "मंग गावकीत सांग. आज सांजच्याला समदे देवलात जमनार हायत. तुजा दाक्तरबी येनार हाय. सांग का चूक माजी व्हती, आता नीट केलंय. मंग उद्या बायका येतील. हीबी यील."

"त्याला कशाला उबा करतोस?" वहिनी म्हणाली. "नोकरी जायाची त्याची."

"नोकरी जाऊं दे. तू जाशील त्याचा काय?"

"मी कुठं जातंय? बाला, तू जेव आदी."

आमच्याकडे गावकीत उभं राहून सांगितलेली गोष्ट मिटते. चूक कबूल केली की दंड होतो, नारळ फुटतो, आणि मग ती कुणी उकरून काढत नाही. लहानपणापासून मी हे पाहिलं होतं. संध्याकाळी देवळात मी उभा राहिलो. डॉक्टर खांबाला टेकून बसले होते. मी म्हणालो, "गाडीत बिघाड होता. आता काढलाय. उद्या सगळ्यांनी फोटोला यावं."

एका म्हाताऱ्या पंचाने विचारलं, "बिगाड कशानं झाला?"

मी डॉक्टरांकडे पाहिलं. "यंत्र आहे, बाबा. यंत्राचं काय सांगावं."

"कशानं झाला त्ये तुला म्हाईत नाय, मंग परत व्हनार नाय त्ये कसा म्हाईत?"

"मी अनवाणी दांडा धरून दाखवतो."

"सकालचीबी तू असाच बोलला असतास."

कुणीतरी हसलं. दादा समोरच बसला होता, माझ्याकडे बघत. मी खाली बसलो.

दुसऱ्या दिवशी मोजके बापे आले. बायका नाहीत. वहिनी एकटी यायला निघाली होती, तर शेजारणींनी तिला वाटेत अडवलं, आपापल्या लेकरांची शपथ घातली. दुपारी आम्ही केबल गुंडाळून पुढच्या गावाला गेलो. मी तिला फोटोसाठी ठाण्याला नेईन असं ठरवलं होतं. पण गाडीचा हंगाम संपेपर्यंत मला सुटी मिळाली नाही, आणि तीही म्हणायची की खोकला कमी हाय.

पावसाळ्यानंतर तिला रक्त पडलं तेव्हा दादाने तिला इस्पितळात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी फोटो उजेडासमोर धरला आणि विचारलं, आधी का नाही आणलंत. औषधं सुरू झाली, पण अंगात काही उरलं नव्हतं. मी भेटायला जायचो तेव्हा ती ड्रायव्हरची, डॉक्टरांची चौकशी करायची. त्या दिवसाबद्दल एकदाही बोलली नाही. शिमग्याच्या आधी ती गेली.

तेराव्यानंतर मी दादाला म्हणालो, आता मी गावकीत उभा राहतो. सगळं सांगतो.

दादा खळ्यात जाळं विणत होता. त्याने मान वर केली नाही.

"कुनाला सांगतोस आता?" तो म्हणाला. जाळ्याला दोन गाठी मारून परत बोलला, "मीबी तितंच व्हतो. मनाबी म्हाईत व्हता. तू बोलशील, तू बोलशील, म्हनून बगत रायलो. मी उटून बोललो असतो तर? पन बाव माजा, त्याची नोकरी, म्हनून गप बसलो. बायको माजी व्हती."

मला वाटलं होतं तो शिव्या देईल. त्या शिव्यांसाठीच मी गेलो होतो. त्याने जाळ्याचं दुसरं टोक माझ्या हातात दिलं, ताणून धर म्हणाला, आणि अंधार पडेपर्यंत आम्ही दोघं तसेच बसून राहिलो. आतून जेवायला बोलवणारं कुणी नव्हतं.