भिंतीत सात पाईप, सातही खोटे

मंडळी, एक सल्ला हवाय.

तोरणमाळला आमचं अंगण उतारावर आहे. माती खाली येऊ नये म्हणून गेल्या वर्षी काँक्रीटची संरक्षक भिंत बांधली. मागे मुरलेलं पाणी निघून जावं म्हणून तिच्यात सात पाईप ठेवायला सांगितले. इथे हिवाळ्यात दवसुद्धा गोठतं; पाणी अडलं तर ओली माती गोठून फुगते आणि भिंत ढकलते.

बांधणारा भटू मिस्तरी, माझा शाळेपासूनचा मित्र. महिनाभर आईच्या हातचं जेवला.

आज भिंतीला पोट आलेलं दिसलं. पाईप तुंबले असतील म्हणून तार घातली. वीतभर गेली आणि काँक्रीटला अडली. सातही तसेच. नुसते तुकडे खोचलेत, बाहेरून दिसायला!

फोन केला, तर भटू हसला. "बाहेरून पाईप दिसतस ना भाऊ! तार घालीसन कोन देखस?"

त्याच भिंतीखाली आई रोज ऊन खात बसते. तिच्यासाठी तिथला ओटा भटूनेच हौसेने बांधलाय.

आज तिला तिथे बसू दिलं नाही. ती म्हणतेय, "भटूले बलाव, तोच नीट करी."

सांगा, तिला काय सांगू?