सात वेळा थांबलेली जीप

माझ्या तोंडाला लगाम नाही, हे आमच्या गुंद गावात कुणालाही विचारा, सांगतील. राग आला की आधी बोलायचं आणि विचार नंतर करायचा, ही माझी जुनी खोड. त्या खोडीपायी दोन महिने मी माझ्या एकुलत्या एका भावाला गमावून बसले होते. तो परत मिळाला तो गिरणी दुरुस्त करायला आलेल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीमुळं. आज हे हसत सांगता येतंय, पण तेव्हा माझ्या घशाखाली घास उतरत नव्हता.

भांडण झालं आमच्या जीपवरून. ती सासऱ्यांनी घेतलेली, वयानं माझ्या लग्नाएवढी. नवरा गोव्यात हॉटेलात कामाला, महिन्यातून एकदा घरी येणार. बसची वाट बघत उभं राहणं मला जमत नाही, म्हणून मी गाडी शिकले. भात आणि नारळ रामनगरला न्यायचे, येताना शेजारणींचं सामान आणायचं, कुणाचं पोर तापानं फणफणलं तर जोयड्याच्या दवाखान्यात पोचवायचं. सगळं त्या जीपवर चालतं.

गाडी शिकवली ती माझ्या धाकट्या भावानंच. माझं माहेर दिग्गीचं. आईवडील गेले, आता माहेर म्हणजे तो आणि भावजय. तो दुसऱ्याच्या पिकअपवर ड्रायव्हर होता. स्वभावानं गरीब, माझ्या अगदी उलट. मी चार वाक्यं बोलेपर्यंत तो एक शब्द बोलतो, तोही विचार करून.

माघात उळवीची जत्रा असते. आमच्याकडची मराठी आणि कानडी, सगळीच माणसं जातात. जत्रेआधी तो आला आणि म्हणाला, ‘आक्का, गावातल्या म्हाताऱ्या माणसांना दर्शनाला न्यायचं हाय, जीप देतीस?’ मी दिली. त्याच्या हातात गाडी देताना मला कधी धाकधूक वाटली नव्हती.

माणसांना दिग्गीत परत सोडून दुसऱ्या दिवशी दुपारी तो गाडी घेऊन आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

‘आक्का, तेलाचा लाल दिवा लागतोय,’ तो म्हणाला. ‘उळवीसनं येताना सात वेळा थांबलो. पाच मिन्टं बंद ठेवून चालू केली की दिवा जातोय. धा-पंधरा मिन्टं चालली की परत लागतोय. तेल मोजायची पट्टी काढून बघितली, तेल भरलेलं हाय.’

मला गाडीचं तेवढं कळतं. तो दिवा लागला म्हणजे इंजिनात तेलाचा दाब नाही, आणि दाब नसताना गाडी पळवली की इंजिन आतून घासून संपतं. मी त्याला त्या रात्री ठेवून घेतलं आणि सकाळी जोयड्याहून एका मिस्त्रीला बोलावलं. तो मोटारसायकलवरून आला, इंजिन चालू करून घटकाभर कान लावून उभा राहिला, आणि काही उघडून बघायचे कष्टही न घेता निकाल देऊन मोकळा झाला. ‘बेअरिंग गेलंय. तेल नसताना पळवलीय कुणीतरी. अख्खं इंजिन उतरवायला लागतंय.’

भावानं त्याला पुन्हा तेच सांगितलं. दिवा जातो, दिवा येतो, तेल होतं. मिस्त्री हसला. अंगणात शेजारची चार माणसं जमली होती, तीही हसली. माझं डोकं फिरलं.

‘तेल संपल्यावर पळवलीस,’ मी म्हणाले, ‘मग वाटंत कुठंतरी ओतलंस, आणि आता मला पट्टी दाखवतोस? दिवा येतोय म्हणे, जातोय म्हणे. दिवा हाय का काजवा? चूक झाली तर झाली म्हण. तू ड्रायव्हर न्हवंस, खोटारडा हाईस.’

तो माझ्याकडं बघत राहिला. ‘मी खोटं न्हाई बोलत, आक्का,’ एवढंच म्हणाला. पिशवी उचलली आणि चहा न घेता बसच्या थांब्याकडं चालायला लागला. मी हाकही मारली नाही.

शिमग्याला तो दरवर्षी येतो. त्या वर्षी आला नाही. दिग्गीत रेंज मिळाली की भावजयीचा फोन यायचा. ती पोरांचं सांगायची, गुरांचं सांगायची, त्याचं काही बोलायची नाही. मीही विचारायची नाही. का विचारू? चूक त्याची होती. खरं सांगते, जेवायला बसले की मला रडू यायचं, आणि रडू आलं की परत त्याचाच राग यायचा. जीप फणसाखाली उभी होती. तिच्याकडं बघितलं तरी अंगाचा तिळपापड व्हायचा. शेवटी ती भंगारात काढायची असं मी ठरवलं.

चैत्रात शेजारच्या भाताच्या गिरणीचं इंजिन बंद पडलं. ते दुरुस्त करायला रामनगरहून एक म्हातारा मिस्त्री आला. मूळचा खानापूरकडचा, सावकाश बोलणारा, बशीत ओतून चहा पिणारा. चहा आमच्याकडचाच होता. देता देता मी विचारलं, ‘मिस्त्री, ही जीप भंगारात कोण घेईल?’

‘भंगारात का?’

‘बेअरिंग गेलंय.’

‘उघडून बघितलं कुणी?’

‘न्हाई. जोयड्याच्या मिस्त्रीनं ऐकून सांगितलं.’

‘बरं,’ तो म्हणाला. ‘आणि चालवणारा काय म्हणाला?’

‘त्याचं काय घेऊन बसलाय,’ असं म्हणून मी भावाची नक्कल करून दाखवली. दिवा लागतोय, पाच मिन्टं थांबलं की जातोय, धा-पंधरा मिन्टांनी परत लागतोय. चांगली मान वेळावून केली. मिस्त्री हसला नाही. त्यानं बशी खाली ठेवली.

‘परत एकदा सांगा, बाई. नक्कल नको. जसं तो बोलला तसं सांगा.’

मी सांगितलं. त्यानं जीपकडं एक नजर टाकली. मग म्हणाला, ‘हे बेअरिंग न्हवं. बेअरिंग झिजलं तर गार असताना दाब बरा असतोय आणि इंजिन तापलं की पडतोय. मग पाच मिन्टांत ते कुठलं गार हुतंय? इंजिनाच्या खाली तेलाचं भांडं असतंय. त्यात पंपाच्या तोंडाला जाळी असती. तिथनं तेल वर ओढलं जातंय. त्या जाळीला कायतरी चिकटत असणार. इंजिन बंद केलं की ओढ थांबती, ते सुटून खाली पडतंय. चालू केलं की हळूहळू परत जाऊन चिकटतंय.’

‘म्हणजे तो खरं बोलत हुता?’

‘ते उघडल्यावर कळंल,’ मिस्त्री म्हणाला. ‘पण असली गोष्ट कुणाला मनानं रचून सांगता यायची न्हाई.’

 दोन महिने जे वाक्य मी चेष्टेनं सगळ्या गावाला ऐकवलं होतं, ते त्यानं एकदा नीट ऐकलं आणि त्याला आजार कळला.

गिरणीचं काम उरकून दुपारी तो जीपकडं आला. दिव्याचा स्विच काढून त्या जागी त्यानं दाब मोजायचा मीटर बसवला आणि इंजिन चालू केलं. काटा छान वर गेला. आम्ही दोघं तिथंच बसलो. बारा-तेरा मिनिटांनी काटा डुगडुगायला लागला आणि बघता बघता खाली आला. मिस्त्रीनं लगेच इंजिन बंद केलं, तंबाखू मळून तोंडात टाकली, पाच मिनिटं थांबून परत चालू केलं. काटा परत वर. मला हुंदकाच आला. मी तो पदरात दाबला.

मग त्यानं तेल सोडलं, खालचं भांडं उतरवलं, आणि जाळीजवळ बोटं घालून काहीतरी ओढून काढलं. वीतभर लांबीची चिंधी, तेलानं काळी पडलेली. त्यानं ती डिझेलमध्ये खळबळून धुतली. मेंदी रंगाचं कापड, पिवळा काठ.

ते लुगडं माझं होतं.

जत्रेच्या पंधरा दिवस आधी मी घरीच तेल बदललं होतं. तेल सोडायच्या बोल्टाचे आटे झिजले होते, कितीही आवळला तरी थेंब थेंब गळायचं. घरात मधाच्या पोळ्याचं मेण होतंच. आमच्याकडं कशालाही मेण लावतात, घागर गळली तरी आणि पायाला भेग पडली तरी. मी जुन्या लुगड्याची चिंधी मेणात बुडवली, बोल्टाला गुंडाळली आणि आवळून टाकली. गळती थांबली. केवढी शेखी मिरवली होती मी! मिस्त्री कशाला हवा म्हणून दोन बायकांना नेऊन दाखवलंही होतं.

‘हे कुणी केलं?’ मिस्त्रीनं विचारलं.

‘काय ठाऊक,’ मी म्हणाले. तोंडातून तेच निघालं.

 तो परत खाली सरकला आणि एक बेअरिंग सोडवून बाहेर काढलं. पुसून माझ्या हातावर ठेवलं. घासलेल्या ताटासारखं चकचकीत होतं.

‘कायबी झालेलं न्हाई,’ तो म्हणाला. ‘चालवणारा दिवा लागला की थांबत गेला म्हणून हे ऱ्हायलं. गाडी भरून माणसं असताना, सगळी घरी जायला घाई करत असताना, सात वेळा थांबायचं म्हणजे सोपं न्हाई. दुसरा कुणी असता तर इंजिन वाटेतच बसलं असतं.’

मी तिथंच मातीत फतकल मारून बसले. हसायला आलं, मग रडू आलं, आणि मग दोन्ही एकदम. गाडी वाचली होती. पण माझा जीव भांड्यात पडला तो गाडीसाठी नव्हे. माझा भाऊ खोटारडा नव्हता. दोन महिने छातीवर ठेवलेला धोंडा कुणीतरी उचलून बाजूला टाकला असं झालं. शरम आली, पण ती त्यानंतर.

‘मिस्त्री, ती चिंधी माझ्या लुगड्याची हाय,’ मी म्हणाले.

‘मेणाचा वास आला तवाच वळखलं की चिंधी घरचीच हाय,’ तो म्हणाला. ‘काम वाईट न्हवतं केलं, बाई. पण इंजिन तापतंय, मेण पातळ हुतंय, आणि मोकळी झालेली चिंधी आत घसरती. एवढं ध्यानात घ्यायचं ऱ्हायलं.’

संध्याकाळपर्यंत त्यानं जाळी धुतली, नवीन पॅकिंग कापून भांडं बसवलं, मोठे आटे पाडून नवा बोल्ट लावला, ताजं तेल भरलं. अर्धा तास इंजिन चालू ठेवलं. वर गेलेला काटा जागचा हलला नाही. मग त्यानं मीटर काढून दिव्याचा स्विच परत बसवला. गिरणीवर तोवर माणसं जमली होती. त्यातले तिघं त्या दिवशी माझ्या अंगणात हसले होते. मी त्यांच्यासमोर जाऊन सांगितलं की चूक माझी होती, माझा भाऊ अक्षर न् अक्षर खरं बोलला होता. एक जण म्हणाला, ‘जाऊ दे, आक्का, झालं ते झालं.’ मी म्हणाले, ‘जाऊ कसं दे? तुम्ही हसला हुता न्हवं? आता नीट ऐका.’

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जीप घेऊन दिग्गीला निघाले. असलं फोनवर सांगायचं नसतं. वाट कशी आहे ते तिकडच्यांनाच ठाऊक, पण मला खड्डे दिसतच नव्हते. डोळा सगळा त्या दिव्यावर. तो एकदाही लागला नाही.

भावजय अंगणात होती. मला बघून ती आधी घाबरली, मग पाणी घेऊन आली. भाऊ कुठं म्हणून विचारलं तर म्हणाली, ‘लाकडं उचलायच्या कामाला जातात. ड्रायव्हरकी सोडली त्यांनी. जत्रेवरनं आल्यापासनं स्टिअरिंगला हात लावला न्हाई. तुम्हाला सांगू नको म्हणाले.’

दुपारी तो जेवायला आला. अंगणात जीप बघून फाटकातच थांबला. मी पुढं गेले. वाटेत पाठ केलेलं सगळं विसरले होते. मी म्हणाले, ‘बेअरिंग चांगलं हाय. मीच मेणाची चिंधी लावली हुती बोल्टाला. ती आत जाऊन जाळीला चिकटत हुती. तू म्हणालास तसंच हुतं सगळं. मी तुला नाही नाही ते बोलले. मला माफ कर.’

 खांद्यावरच्या टॉवेलनं त्यानं तोंड पुसलं.

‘मला वाटायला लागलं हुतं,’ तो हळू म्हणाला, ‘की दिवा आधीपासनंच लागला असंल, आणि गर्दीत मला दिसला नसंल. तेल बघितलं हुतं ते आठवत हुतं, पण तेबी मनाचंच असंल. आक्का म्हणती म्हंजे तसंच असंल.’

मला वाटलं होतं तो माझ्यावर रागावलाय. तो माझ्यावर रागावला नव्हताच. स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलं त्यानं माझ्या शब्दाखातर खोटं मानलं होतं आणि गाडी सोडून दिली होती.  मी त्याचे दोन्ही हात धरले. लाकडं उचलून त्यांना घट्टे पडले होते.

‘तू बघितलंस तेच खरं हुतं,’ मी कसंबसं म्हणाले.

‘सगळं?’

‘व्हय. सगळं.’

त्यानं मान हलवली आणि हातपाय धुऊन तो जेवायला बसला. भावजयीनं भात वाढला. तो संपल्यावर त्यानं ताट पुढं करून आणखी मागितला. ती वाढता वाढता माझ्याकडं बघून म्हणाली, ‘जत्रेपासनं आज पहिल्यांदा मागून घेतला.’